फाटकाआतली सायकल

फाटकाच्या आत सायकल दिसली आणि चैतालीताई म्हणाल्या, "घ्या, पहिला मानकरी आलाच. सेक्रेटरी, सोडा हवा."

जुळे सोलापुरातल्या त्या सोसायटीचा सेक्रेटरी महेश्वर. ॲपवरच्या भाड्याच्या स्कूटर कुणीही यायचं अन् आत आडव्या टाकून जायचं, म्हणून नियम त्यानंच केला होता: भाड्याची स्कूटर किंवा बाहेरच्याची सायकल आत आणली, की हवा सोडणार. नियमाचा बोर्ड सकाळीच लागलेला. तो बघायला कमिटी खाली जमली होती.

महेश्वर ऐटीत पुढं झाला आणि जागीच थबकला. सीटला आईनं जुन्या चादरीचं शिवलेलं कव्हर, केरिअरला कडक भाकरीची पिशवी. सायकल बापाची होती. बाप सिद्धराम अक्कलकोट रोड एमआयडीसीत कापडाच्या लूमवर कामाला. कधीमधी सुट्टीच्या दिवशी पोराकडं यायचा तो असा पायडल मारत, पण कमिटीच्या नजरेला कधी पडला नव्हता.

माझ्या वडलांची आहे, एवढंच म्हणायचं होतं. कुणी फासावर दिलं नसतं. पण वडील कारखान्यात मॅनेजर आहेत असं यानंच सोसायटीत सांगून ठेवलेलं, आणि एक खोटं झाकायला माणूस दुसरं शोधतोच.

"कुणाची आहे हो?" चैतालीताईंनी विचारलं.

"काय माहीत," महेश्वर म्हणाला आणि खाली बसला. व्हॉल्व्ह सैल केले. आधी मागचं चाक बसलं, मग पुढचं.

उठून बघतो, तर पलीकडं बाप उभा. पोराच्या घरात धुळीचे पाय न्यायचे नाहीत म्हणून तो नळावर पाय धुवायला गेला होता. पँट वर दुमडलेली, पाय ओले. त्यानं सगळं ऐकलं होतं. तोंडच सांगत होतं.

महेश्वरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, कुणाकडं आलात?" चैतालीताईंनी विचारलं.

सिद्धरामनं पोराकडं बघितलं. घाई केली नाही, बोलायला पुरेसा वेळ दिला. महेश्वर बोर्डाकडं बघत राहिला.

"कुणाकडं न्हाय, ताई," म्हातारा म्हणाला. "तहान लागली हुती, पानी प्यायला आलतो."

त्यानं सायकल स्टँडवरून काढली आणि ढकलत फाटकापर्यंत नेली. तिथं थांबला, वळला आणि महेश्वरला हात जोडले.

"चुकलं, साहेब. परत न्हाय यायचो."