विम्याचा माणूस

"रात्री घरात कोण कोण असतं?" त्या माणसाने विचारलं.

सुगनबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "सगळेच असतात," ती म्हणाली. खरं तर लेक मामाकडे गेल्यापासून रात्री ती आणि तिचा नवरा प्रकाशचंद, एवढेच असत.

माणसाने मान डोलावली. खिडकीचे गज हलवून पाहिले. भिंतीवर मूठ आपटून पाहिली. "मौल्यवान चीजवस्तू कुठे असते? खाली की वर?"

सुगनबाईने जिन्याकडे जाणारी नजर आवरली. वरच्या खोलीतल्या कपाटात लेकीच्या लग्नाचे दागिने होते. वैशाखातच लग्न होतं.

पाचोऱ्याबाहेर, रुळांच्या पलीकडे, बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याचं कापसाचं गोदाम हेच त्यांचं घर होतं. भावांच्या वाटणीत ते प्रकाशचंदच्या वाट्याला आलं. दगडी भिंती, वर पत्रे, मध्ये लाकडी माळा टाकून काढलेल्या खोल्या. आसपास हाक ऐकू जाईल असं एकही घर नाही. चोरी-आगीचा विमा उतरवायला कुणी तयार होईना. गोदाम म्हणावं तर त्यात माणसं राहतात, घर म्हणावं तर ते गोदाम. शेवटी प्रकाशचंद धुळ्याला गेला आणि एका कंपनीच्या साहेबासमोर ठाण मांडून बसला. साहेबांना दया आली. या आठवड्यात केव्हाही येऊन घर पाहून जातो, असं ते म्हणाले.

पण साहेब असा असतो? याची दाढी वाढलेली, धोतर धुळीने माखलेलं, चपलेचा अंगठा सुतळीने बांधलेला. बस बिघडली म्हणून चालत आलो, म्हणाला. त्याने कागद दाखवला तो इंग्रजीत. सुगनबाईला तो कसा वाचता येणार? आणि प्रकाशचंद नेमका जळगावला गेलेला. दुपारच्या गाडीने परतणार होता.

"पाणी आणते," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. भांडी घासणारी मंजुळाबाई दाराआड उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा उतरला होता.

"अक्का, हाऊ मानूस बरा नही शे," ती कुजबुजली. "यावलकडे आसंच झायं. आधी येक मानूस उना, गोड बोलना, घर बठ्ठं देखी गया. मंग टोळी उनी."

सुगनबाईने तांब्या खाली ठेवला. म्हणजे हा घर बघून टोळीला खबर द्यायला आला? "तू मागच्या दाराने स्टेशनवर जा," ती म्हणाली. "शेठजी गाडीतून उतरले की त्यांना धावत घेऊन ये. सोबत चार माणसं आण."

मंजुळाबाई गेली. सुगनबाईने मागचं दार लावून घेतलं आणि पाणी घेऊन बाहेर आली. माणूस आता वर जाणाऱ्या जिन्याकडे पाहत होता.

"आधी ती कोठी बघा," ती म्हणाली. आपला आवाज तिला परका वाटला. "भिंतीला फार ओल येते तिच्या."

पूर्वी रुईच्या गासड्या ठेवायची ती कोठी. तिला खिडकी नव्हती. माणूस वाकून आत गेला. सुगनबाईने दार ओढलं आणि अंगातलं सगळं बळ लावून लोखंडी अडसर सरकवला.

आतून दारावर थाप पडली. "अहो बाई! दार लागलं वाटतं."

मग थापांचे धक्के झाले. "बाई! काय चाललंय हे? उघडा!"

सुगनबाई जिन्याच्या पायरीवर बसली. तिने नवकार मंत्र म्हणायला सुरुवात केली, पण शब्द पुढेमागे होऊ लागले. दार शिसवी होतं, तरी प्रत्येक धक्क्याला अडसर खडखडत होता. याचे साथीदार जवळपास असतील का? हा आरडाओरडा त्यांना ऐकू जात असेल का?

तेवढ्यात पुढच्या दारावर कुणीतरी हलकेच टकटक केली.

ती खिडकीच्या फटीतून पाहू लागली. बाहेर एक गृहस्थ उभे होते. स्वच्छ कोट, काळी टोपी, डोळ्यांवर चष्मा, हातात चामडी बॅग.

"शेठजी आहेत का घरात?" त्यांनी विचारलं.

"नाहीत. तुम्ही... तुम्ही विमा कंपनीचे साहेब का?"

गृहस्थांनी तिच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे पाहिलं. "हो," ते म्हणाले. "थोडा उशीर झाला मला."

सुगनबाईने दार उघडलं आणि तिला रडूच कोसळलं. तिने सगळं सांगितलं. आतला माणूस ओरडत होता, "बाई, मी धुळ्याहून आलोय हो!"

"असंच म्हणतात हे लोक," गृहस्थ शांतपणे म्हणाले. "तुम्ही फार हिंमत केलीत, बाई. आता एक करा. या दारापासून हलू नका. अडसर सरकला तर काही खरं नाही. मी वरचं एकटाच पाहून घेतो."

किती मायेने बोलले हे साहेब! सुगनबाईने कमरेचा चाव्यांचा जुडगा काढून त्यांच्या हातात ठेवला आणि दोन्ही हातांनी अडसर दाबून उभी राहिली.

दुपारची गाडी शिट्टी देत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर धावती पावलं वाजली. प्रकाशचंद काठी घेऊन आत आला. मागे मंजुळाबाई आणि स्टेशनवरचे हमाल होते.

"आत आहे तो," सुगनबाई म्हणाली. भीती ओसरून तिच्या आवाजात थोडा अभिमान आला होता. "आणि काळजी करू नका. धुळ्याचे साहेब वर आहेत. चाव्या दिल्यात मी त्यांना."

प्रकाशचंदने काठी उगारली आणि अडसर सरकवला. आतला माणूस घामाने निथळत, उजेडाला डोळे मिचकावत बाहेर आला.

प्रकाशचंदच्या हातातली काठी खाली पडली.

"साहेब," तो म्हणाला, "तुम्ही?"