हरवलेली सुई

ती घरी गोधड्या शिवायची आणि नवरा आतल्या खोलीत बाळाला सांभाळायचा. “असा नवरा मिळायला नशीब लागतं,” शेजारणी म्हणायच्या.

त्या दुपारी एक सुई कमी भरली. तिने अख्खी गोधडी उसवली, तरी सुई सापडेना, आणि बाळ तर सकाळपासून कळवळत होतं.

“गिळली नसेल गं. दवाखाना कशाला?” नवरा म्हणाला. ती बाळाला उचलून निघालीच, तेव्हा तोही मागोमाग आला.

एक्सरे पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पोटात सुई नाही.”

तिचा जीव भांड्यात पडला.

“पण दोन बरगड्या मोडल्यात. तिसरी आधी कधीतरी मोडून जुळलेली आहे. दिवसभर बाळाजवळ कोण असतं?”



तिने तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, “हीच असते.”