बंद उतार

ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये स्कीच्या डोंगरावर गस्तीचं काम करणाऱ्या नोटबुर्गानं हिमस्खलनाच्या भीतीनं सकाळीच दोरी लावून मोठा उतार बंद केला होता. दहा वाजता तिचे वडीलच सहा पाहुण्यांना घेऊन दोरीखालून निघालेले दिसले. “बाबा, उतार बंद आहे!” “चाळीस वर्षं स्की शिकवतोय इथे. मला अक्कल शिकवतेस?” “आठवड्यात तिसऱ्यांदा सांगतेय! दोरी दिसत नाही का?” वडील हसले, पाहुणेही हसले. वैतागून तिनं वडिलांच्या गळ्यातला लिफ्टचा पास हिसकावला. “आता वर कसे येता तेच बघते.” तरी ते पाहुण्यांना घेऊन उतरलेच. त्या दिवशी बर्फाचं ढेकूळही घसरलं नाही. गावभर तिचीच चेष्टा झाली. रात्री घरी जेवताना तिनं पास वडिलांपुढे ठेवला. त्यांनी वाडग्यावरून नजर उचलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पाहुण्यांना मागे थांबवून ते एकटेच दोरीपाशी आले. “सोडतेस का आज?” “नाही.” तोंडातल्या तोंडात पुटपुटत त्यांनी स्की वळवल्या.