करमो आणि नूरां यांच्यामधली जागा

पंजाबातल्या आमच्या छावणीत मी दाई होते. गुप्तरोग झालेले गोरे शिपाई दर सोमवारी इस्पितळाच्या अंगणात यायचे. रांगेत उभ्या केलेल्या धंदेवाल्या बायकांतून, रोग जिच्यापासून लागला ती बोटानं दाखवायचे, आणि आम्ही तिला तपासून इस्पितळात कोंडायचो. गोऱ्यांना मात्र कुणी तपासत नसे.

त्या सोमवारी सात शिपायांनी एकाच ठिकाणी बोट दाखवलं. रांगेतल्या करमो आणि नूरां यांच्यामधल्या रिकाम्या जागेवर.

"बख्तो, बघत काय बसलीस? कोंड तिला!" डॉक्टरसाहेब खेकसले.

"कुणाला कोंडू, साहेब? तिथं कुणीच नाही!"

"मग आम्हाला तरी सोड की, मावशी," करमो फणकारली.

वैतागून मीच त्या जागेवर जाऊन उभी राहिले. आठवा शिपाई आला.

"हीच ती," तो म्हणाला. "पण दाईनं हिचा हात का धरलाय?"

मी खाली पाहिलं. माझी मूठ अर्धवट मिटलेली होती. ती उघडेना.