कडुनिंबाचा धूर

संध्याकाळी धार काढायला बसलं की चिलटं म्हशीला आणि जनीला सारखीच फोडून खायची. शेजारच्या शुक्रीच्या गोठ्यात मात्र रोज कडुनिंबाच्या पाल्याची धुरी असायची. चिलटांपरीस तो धूरच जनीला जास्त झोंबायचा.

"तिचा नवरा बघा, बायकोला चिलट चावू देत नाय! आन् तुमी? ऐन धारंच्या वक्ताला पळस्प्याला पत्ते कुटायला!" ती अनंतावर खेकसायची.

शनिवारी शुक्रीचा नवरा पनवेल स्टँडवर एसटीतून उतरताना दिसला.

"काय वैनी, बरं हाय ना? दोन महिन्यांनी घरी चाललोय. मिठागरावरून सुट्टीच मिळत नाय."

जनी तरातरा घरी आली.



घरात कधी धुरी झाली नव्हती, तरी खुंटीवरच्या अनंताच्या शर्टाला कडुनिंबाच्या धुराचा वास येत होता.