मागाहूनची नोंद

कंपालाच्या ग्रंथालयात नाकातो प्रबंधासाठी मलेरियावरचे जुने लेख गोळा करत होती. मध्येच संगणकाने दोन नोंदी शेजारी मांडल्या: एक तिच्या लेखाची, दुसरी घटकाभर आधी जन्मलेल्या तिच्या जुळ्या बहिणीच्या, बाबिरियेच्या लेखाची. खाली लिहिलं होतं, ‘एकच नोंद दोनदा आली आहे. एक काढू?’

“चुकतंय ते. दोन्ही राहू देत,” ग्रंथपाल सेम्पाकाका म्हणाले. “नाहीतर आधी आलेली राहते, मागाहूनची कायमची जाते.”

“मग जाऊ दे की! जन्मभर माझी नक्कल करत आलीय मेली.” नाकातोचा लेख वर्षभर आधीचा होता. तिने हसत बटण दाबलं.

मग त्याच खुशीत तिने घरी फोन लावला. जुळ्यांच्या आईला तिकडे सगळे नालोंगो म्हणतात. मुलीही थट्टेने तेच म्हणत.

“काय नालोंगो, मटोक्याची केळी टाकलीस का शिजायला?”

आई म्हणाली, “असली थट्टा करू नका, बाई. मला कुठली जुळी? एकच लेक आहे, ती इथे केळी सोलतेय.”

“आई, अगं मी बोलतेय!”

मागून तिच्याच आवाजात कुणीतरी विचारलं, “कोण गं आई?”

“कुणी नाही,” आई म्हणाली.