सरकारमान्य चेरोकी

“ओळख तुम्हीच पुसलीत, आणि वर पुरावा आमच्याकडेच मागता?” ओक्लाहोमातल्या सरकारी खिडकीवर आसावरी कडाडली. तिच्या अमेरिकन सासूला, ल्युएलाबाईंना, डोळे मिटण्याआधी एकदा कागदावर चेरोकी आदिवासी व्हायचं होतं.

ल्युएलाबाईंच्या थोरल्या बहिणीची साक्ष खिडकीमागच्या साहेबाने केव्हाच बाजूला सारली होती. “घरच्यांच्या गोष्टी चालत नाहीत. सरकारी नोंद दाखवा.”

“मॉम, तुम्ही बसा, मी बघते याच्याकडे,” म्हणत आसावरीने सासूबाईंच्या लहानपणच्या सरकारी शाळेतली नोंद पुढे सरकवली. ‘चेरोकी भाषा बोलताना पकडली. शिक्षा म्हणून तोंडात साबण कोंबला.’

साहेब गालातल्या गालात हसला. “मॅडम, ती भाषा बोललं म्हणून कुणी चेरोकी ठरत नाही.”

ल्युएलाबाई काठी टेकत उठल्या.



“मग साबण कशासाठी कोंबलात? बोला!”